भीती भरलेली रजई

मी एक रजई बोलतेय. खरं तर मला रजई म्हणावं की नाही, इथूनच माझी शंका सुरू होते. रजईनं कुणाच्या तरी अंगावर पडायचं असतं, आणि माझ्याखाली आजवर कुणी निजलेलं नाही. मी नमुन्याची रजई. डोंगरातल्या नारीन शहराच्या नगर कार्यालयात एक लोखंडी कपाट आहे, त्यातली मधली फळी माझी. माझ्या एका कोपऱ्यातून जाड दोरा ओवलाय आणि त्याच्या गाठीवर शिशाचं सील ठोकलंय. शेजारी रंगाचे दोन डबे आहेत, तेही नमुन्याचेच, पण ते माझ्यासारखे घाबरट नाहीत. निदान दिसत तरी नाहीत.

माझा जन्म सप्टेंबरातला, बसस्थानकामागच्या दोन खोल्यांतला. तिथं पेरिझातचं शिवणकामाचं दुकान आहे. शिलाई यंत्रं तीन, आणि शिवणाऱ्या बाया चार, त्यातली एक ती स्वतः. अंगणात जुनी चादर पसरून बाया लोकर झोडपायला बसल्या होत्या. विलो झाडाच्या ओल्या छड्या वर जायच्या, खाली यायच्या, आणि लोकर फुगून गुडघ्याएवढी व्हायची. पेरिझातची दीड वर्षांची लेक त्या ढिगात बसून शिंकत होती. तिची सासू कालबुबू आपा छडीच्या ठेक्यावर सगळ्यांच्या उखाळ्यापाखाळ्या काढत होती.

बाळांना म्हणे जन्मताना आधी आईचा आवाज ऐकू येतो. मला ऐकू आली ती कॅल्क्युलेटरची बटणं.

पेरिझात अठ्ठावीस वर्षांची. राजधानीत जाऊन कापडउद्योगाचं शिक्षण घेतलेली. हुशार, हाताला सफाई, पण जिवाला एक घोर कायमचा. लेक झोपली की दर थोड्या वेळानं उठून तिच्या नाकापुढं बोट धरायची, श्वास चालू आहे ना बघायला. मग स्वतःलाच हसायची. आणि पुन्हा धरायची. तिनं मला शिवायला घेतलं तेव्हाही तसंच. एक टाका घालायची, थांबायची, कॅल्क्युलेटरवर आकडा वाढवायची, पुढचा टाका घालायची.

प्रकरण असं होतं. गावातल्या नव्या बालवाडीला ऐंशी रजया हव्या होत्या. ऑगस्टात टेंडर निघालं. भाव दोघांनीच भरले. पेरिझातनं एका रजईला चोवीसशे सोम, म्हणजे आमच्याकडचे रुपये, आणि राजधानीतल्या एका व्यापाऱ्यानं तेवीसशे ऐंशी. कार्यालयाचा अंदाज होता सतराशे. दोन्ही भाव अंदाजाच्या वर, म्हणून टेंडर रद्द. गाव म्हणालं, दोघांनी मिळून ठरवलं असणार, नाहीतर आकडे एवढे जवळ कसे? पेरिझातनं त्या व्यापाऱ्याचं तोंडही पाहिलं नव्हतं. दोघं एकाच गोष्टीला घाबरले होते, म्हणून आकडे सारखे आले. पण हे कुणाला सांगणार, आणि सांगितलं तरी कोण ऐकणार?

आता दुसरं टेंडर निघालं होतं. या वेळी नमुनाही मागितला होता, म्हणून मी.

दर रविवारी पेरिझात बाजारात बसून अगदी माझ्यासारखीच रजई सोळाशेला विकत असे. गिऱ्हाईक हात फिरवून बघायचं, दाबायचं, दोनशेनं कमी मागायचं, शेवटी सोळाशे मोजून रजई काखेत मारून जायचं. पाच मिनिटांचं काम. मग कार्यालयाला चोवीसशे का? आपानंही हेच विचारलं.

"एवढ्या भावात मेंढीपण द्यावी लागेल गं सोबत. दावं लावून."

"आपा, मेंढी विकली की पैसे त्याच दिवशी मिळतात," पेरिझात म्हणाली आणि सुईत दोरा ओवू लागली.

मग टाक्याटाक्याला तिनं सगळं बोलून काढलं. सासूला सांगत होती की मला, कोण जाणे. दोन वर्षांपूर्वी तिनं घाटापलीकडच्या एका दवाखान्याला पडदे शिवून दिले होते. बर्फात गाडी दोन दिवस अडकली, त्या दोन दिवसांचा दंड कापला. पडदे ज्यांनी मागवले ते साहेब तोवर बदलून गेले, नवे साहेब म्हणाले, मी पाहिले नाहीत, मी सही कशी करू? काम झालं थंडीत आणि पैसे आले जर्दाळू पिकल्यावर. मधल्या काळात तिनं चौथं यंत्र विकलं. त्या यंत्राची जागा अजून रिकामी होती. तिथं आता लेकीचा पाळणा असतो.

आणि या टेंडरात लिहिलं होतं काय? "रजई उबदार, दर्जेदार व मुलांसाठी योग्य असावी." एवढंच. उबदार म्हणजे किती? लोकर किती वजनाची? कुणीतरी उद्या हात लावून म्हणेल, मला नाही ऊब वाटत, आणि ऐंशीच्या ऐंशी परत. त्याचे दीडशे धरले. पैसे केव्हा मिळतील ते लिहिलंच नव्हतं, त्याचे तीनशे. अनामत अडकून पडायची, त्याचे. कापड घाटावरून येतं, उशीर झाला तर दंडाचे. सही करणारा बदलला तर त्याचे. असं करत करत ती पुन्हा चोवीसशेवर आली आणि कॅल्क्युलेटर उलटा ठेवून रडवेली झाली. कमी भरलं तर दुकान जाईल, जास्त भरलं तर काम जाईल.

मला वाटतं, लोकरीबरोबर हे सगळं माझ्यात भरलं गेलं. काही रजयांना पायाकडे गोळे होतात, माझ्या छातीत होतात.

संध्याकाळी पेरिझात लेकीला घेऊन अंगणात गेली तेव्हा आपा माझ्याजवळ आली. तिनं इकडंतिकडं पाहिलं, माझा एक कोपरा चार टाके उसवला, आत काहीतरी सरकवलं आणि पुन्हा शिवून टाकलं. टाके इतके बारीक की सुनेलाही दिसले नाहीत. मला मात्र ते टोचत राहिलं.

टेंडर उघडायच्या दिवशी सकाळी दहा वाजता मी एका लांब टेबलावर उलगडून पडले होते. टेबलाच्या डोक्याशी मुकनबेत अगाय, खरेदी समितीचे प्रमुख. तेहतीस वर्षं नोकरी झालेली, निवृत्तीला सात महिने उरलेले. हात कायम टेबलावर, सगळ्यांना दिसतील असे ठेवायची त्यांची सवय. शेजारी चिनारा एजे, बालवाडीच्या मुख्य बाई. आमच्याकडे मानानं पुरुषाला अगाय म्हणतात, बाईला एजे. सर्दीनं नाक लाल झालेलं, आवाज बसलेला. एक कारकून मुलगी नियमाप्रमाणे फोनच्या कॅमेऱ्यात सगळं टिपत उभी होती. समोर एकटी पेरिझात. राजधानीच्या व्यापाऱ्यानं या वेळी भावच भरला नव्हता. एका मुश्किलीतून सुटलो, असं म्हणाला असेल.

भाव वाचला गेला. चोवीसशे.

मुकनबेत अगायनी भावाचा कागद पालथा ठेवला. त्यांनी नमुना तपासायला घेतला. शिवण ओढून पाहिली, अस्तर चिमटीत धरलं, मग एकेक कोपरा दाबत आले. चौथ्या कोपऱ्यावर त्यांचा हात थांबला. त्यांनी पुन्हा दाबलं. मग विस्तवाला हात लागल्यासारखा मागं घेतला आणि दोन्ही तळवे टेबलावर उताणे ठेवले.

"आत काय आहे, बाई?"

"लोकर," पेरिझात म्हणाली.

"लोकर कुरकुरत नाही."

चिनारा एजेंनी पुढं होऊन बोट लावलं. कुरकुरलं. चपटं, तीन कोनांचं, कागदाची घडी असावी तसं काहीतरी. खोलीत सगळ्यांच्या मनात एकच शब्द आला, लाच, आणि तो कुणीही उच्चारला नाही. कारकून मुलीनं फोन आणखी जवळ आणला. पेरिझातचा चेहरा माझ्या अस्तरासारखा पांढरा झाला. तिला खरंच काही माहीत नव्हतं, पण माहीत नसलेल्या माणसाचा चेहरा आणि पकडल्या गेलेल्या माणसाचा चेहरा, दोन्ही तसेच दिसतात. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं. पण मला तरी कुठं माहीत होतं? एवढंच माहीत होतं की ते टोचतंय.

"मी आत हात घातलेला नाही," मुकनबेत अगाय फोनकडे बघून म्हणाले. "सगळ्यांनी बघितलंय. मी घातलेला नाही."

कात्री आली. ती पेरिझातच्याच हातात दिली. जिनं मला शिवलं तिनंच मला उसवायचं. कात्री घसरली आणि पहिला घाव अस्तराला बसला. ती चीर अजून आहे माझ्या अंगावर. लोकर बाहेर आली, आणि लोकरीबरोबर लाल कापडाची एक लहानशी तिकोनी पुडी. ती तिनं सगळ्यांसमोर फाडली. टेबलावर आद्रशमान झुडपाच्या चार वाळल्या काड्या पडल्या, मिठाचा एक खडा, आणि खोलीभर तो कडवट वास पसरला. घरात कुणाला दृष्ट लागली की धुरी देतात, तोच.

पेरिझातनं त्या काड्या ओंजळीत गोळा केल्या. "माझी सासू," ती म्हणाली. "मुलांचं अंथरूण म्हटल्यावर... तिला नमुना म्हणजे काय ते कळलं नसेल. कुणाच्या तरी लेकराची रजई एवढंच कळलं असेल."

आधी चिनारा एजे हसल्या. बसक्या आवाजात, खोकत खोकत. म्हणाल्या, माझ्या पोराच्या दुपट्यातही होती अशीच, त्याचं मिसरूड फुटेपर्यंत मी ती जपून ठेवली. कारकून मुलगी हसली. मुकनबेत अगाय हसले नाहीत. त्यांनी पेल्यातलं पाणी प्यायलं, अर्धं सदऱ्यावर सांडलं, आणि मग भ्यालेली माणसं रागावतात तसे रागावले.

"बाजारात हीच रजई सोळाशेला विकतेस. माझ्या बायकोनं घेतलीय तुझ्याकडून. गावच्या मुलांसाठी चोवीसशे? लाज नाही वाटत?"

पेरिझातनं माझ्या उसवलेल्या कोपऱ्यात हात घातला आणि लोकरीचा पुंजका ओढून टेबलावर ठेवला.

"अगाय, हा पैसे केव्हा मिळणार ते लिहिलं नाही त्याचा." दुसरा पुंजका. "हा 'उबदार' म्हणजे किती, ते लिहिलं नाही त्याचा. हा घाट बंद झाला तर. हा तुम्ही सहीला नसाल तर. हा अनामत अडकली तर." तिचा हात चालूच होता. "खाली उरली ती सोळाशेची रजई. तुमच्या बायकोची. वरचं सगळं माझं भय आहे. ते विकायला मलाही लाज वाटते. पण ते काढून टाकलं तर मीच उरत नाही."

मी टेबलावर अर्धी रिकामी पडले होते. थंडी वाजत होती, रजईला वाजत असेल तर.

मुकनबेत अगायनी ते पुंजके एका बाजूला सारले. मग हळू आवाजात जे बोलले ते मुलीनं टिपू नये असं त्यांनी हातानं खुणावलं. सही मी मुद्दाम लांबवत नाही, म्हणाले. भाव चढा दिसला की मला तपासणीवाले दिसतात. विचारतील, एवढा का दिलास, तुला किती मिळाले? म्हणून मी आणखी एक कागद मागवतो, आणखी एक शिक्का. वजन लिहीत नाही, कारण लिहिलं आणि चुकलं तर माझी मान. मोघम लिहिलं की मान सुटते.

"म्हणजे ही घाबरून भाव चढवते," चिनारा एजे म्हणाल्या, "तो बघून तुम्ही घाबरता, सही लांबवता. सही लांबली की ही पुढच्या वेळी आणखी चढवते. छान चाललंय दोघांचं. माझी ऐंशी पोरं दुपारी जाकिटं घालून झोपतात. शेगडी एक नोव्हेंबरला पेटवायची असा नियम आहे, आणि थंडीनं तो वाचलेला नाही."

चोवीसशे अंदाजाच्या वरच, म्हणून हेही टेंडर फसलं. पण एक नियम असाही होता की दोनदा टेंडर फसलं तर एका पुरवठादाराशी समोरासमोर बसून ठरवता येतं. तो मुकनबेत अगायना ठाऊक होता, पण तेहतीस वर्षांत त्यांनी तो कधी वापरला नव्हता. समोरासमोर बसलं की लोक म्हणतात, टेबलाखालून काय झालं? चार दिवस मुकनबेत अगाय ते पान काढून वाचत आणि मिटत. मला तेव्हा त्यांच्या खोलीतल्या खुर्चीवर ठेवलं होतं. माझी लोकर कागदी पिशवीत माझ्यावरच. पाचव्या दिवशी चिनारा एजे आल्या. त्यांनी एका मुलाचं जाकीट टेबलावर ठेवलं. बाह्या चोखून चोखून ओल्या झालेल्या. आणि निघून गेल्या.

त्या दुपारी मुकनबेत अगायनी पेरिझातला बोलावलं.

ठरलं ते साधंच होतं. लोकर किती ते किलो-ग्रॅममध्ये लिहायचं. रजया तीन खेपांत घ्यायच्या, प्रत्येक खेपेचे पैसे पंधरा दिवसांत. घाट बंद असेल तर दंड नाही. आणि ऊब म्हणजे किती हा वाद नकोच, नमुना सील करून कपाटात ठेवायचा, प्रत्येक खेप त्याच्याशी ताडून बघायची. भाव उतरला, साडेअठराशेवर आला. अंदाजाच्या वर दीडशे तरी राहिलेच. तेवढ्यासाठी मुकनबेत अगायनी दीड पान कारणं लिहिली आणि सही करताना पेन दोनदा खाली ठेवलं.

पेरिझातनं माझी लोकर परत भरली, वजन करून. पुडी नव्हती आता, आपाला तिनं ती घरी नेऊन दिली. आपा म्हणे चिडली. म्हणाली, तुझ्या साहेबाला धुरी दे आधी, त्यालाच जास्त गरज आहे.

रजया गेल्या. ऐंशी. तिन्ही खेपांना मला बाहेर काढलं, काट्यावर ठेवलं, शेजारी एक नवी कोरी रजई ठेवली. त्या तीन वेळाच मला माझ्या बहिणी भेटल्या. त्या गरम, लगबगीत, मुलांकडे निघालेल्या. मी थंडगार, पण तंतोतंत. पहिल्या खेपेचे पैसे सोळाव्या दिवशी आले. त्या एका दिवसाच्या उशिरात आपण तिसरं यंत्र मनातल्या मनात दोनदा विकलं, असं पेरिझात कारकून मुलीला सांगत होती. हसून सांगत होती. माझ्यावर ठेवलेली तिची बोटं मात्र गार होती.

इथं थांबले असते तर बरं झालं असतं. पण परवा बालवाडीत एक्याऐंशीवं मूल आलं. वरच्या गावातली चार वर्षांची मुलगी. आईला इथं काम मिळालं म्हणून आलेली, नाव बेगायिम. तिला रजई नाही. कागदावर ऐंशी म्हणजे ऐंशी.

पेरिझातला कळलं तशी ती एक रजई काखेत घेऊन कार्यालयात आली. म्हणाली, पैसे नकोत, असंच देते.

मुकनबेत अगाय मागं सरकले. "फुकट?" म्हणाले. "पुरवठादाराकडून? बाई, घरी घेऊन जा ती. फुकटची रजई सगळ्यात महाग पडेल मला."

पेरिझात रजई पुन्हा काखेत मारून गेली. तिच्याही चेहऱ्यावर मला दिसलं, ती सुटल्यासारखी झाली होती. दिली असती तर उद्या कुणी विचारलं असतं, का दिली?

काल चिनारा एजे किल्ली घेऊन माझ्या कपाटापाशी आल्या. दार उघडलं. माझ्यावर हात ठेवला आणि तसाच ठेवून उभ्या राहिल्या. मला कळलं त्यांच्या मनात काय आहे ते. माझ्यातल्या लोकरीचा केसन्‌केस उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला नेणार होतं, कुणाच्या तरी अंगावर घालणार होतं. नाकापर्यंत ओढणार होतं. आणि त्याच वेळी मी आतून किंचाळत होते, नका नेऊ. सील तुटलं तर पेरिझातकडे काय उरेल? वर्षभर कुणीही येऊन म्हणू शकतं, रजया कमी वजनाच्या होत्या. त्यांना उत्तर देणारी मी एकटी.

एजेंनी सील अंगठ्यानं चाचपलं. मग दार लावलं, किल्ली फिरवली. कारकून मुलीला म्हणाल्या, रविवारी बाजारातून माझ्या पैशानं घेईन, सोळाशेला मिळते. तोवर माझा कोट आहे.

आज गुरुवार. दुपारचे दोन वाजलेत, म्हणजे बालवाडीत पडदे ओढले असतील. ऐंशी मुलं लोकरीखाली असतील आणि एक मुलगी एका बाईच्या कोटाखाली, बटणं हनुवटीला टोचत असतील तिच्या. आणि मी, पूर्ण वजनाची, शंभर टक्के उबदार, इथं कुलपात.

तुमच्याही गावात कधीतरी चढा भाव वाचला जाईल. कुणी किती खाल्लं, असं विचाराल. विचारा, खातात लोक, मी नाही म्हणत नाही. पण त्या रजईचा कोपराही एकदा दाबून बघा. आत कोण घाबरून बसलंय, तेही विचारा. आणि विचारताना आवाज जरा हळू ठेवा. आम्ही लगेच दचकतो.